कोयना-वारणा भूकंपक्षेत्रातील हंगामी निरीक्षण

कोयना-वारणा भूकंपक्षेत्रातील हंगामी निरीक्षण म्हणजे महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागात, पावसाळा आणि धरणांतील पाणीपातळी यांच्या चढउतारांबरोबर भूगर्भात होणाऱ्या बदलांचा भूकंपलहरींच्या साहाय्याने केला जाणारा अभ्यास होय. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना धरण आणि सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील वारणा (चांदोली) धरण यांच्या परिसरात १९६० च्या दशकापासून भूकंपाचे धक्के सातत्याने नोंदले जात आहेत. जलाशयाशी निगडित भूकंपांचे जगातील सर्वांत परिचित आणि सर्वाधिक काळ अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणून हे क्षेत्र ओळखले जाते. येथील भूकंपांची संख्या वर्षभर सारखी राहत नाही. जलाशय भरण्याच्या व रिकामे होण्याच्या क्रमाशी तिचा संबंध दिसून येतो. त्यामुळे प्रत्यक्ष पाहता न येणाऱ्या खोलीवर पाणी कसे मुरते व खडकांतील दाब कसा बदलतो, हे समजून घेण्यासाठी हे क्षेत्र एक नैसर्गिक प्रयोगशाळा ठरले आहे.

## भौगोलिक व भूशास्त्रीय पार्श्वभूमी

कोयना ही कृष्णेची उपनदी महाबळेश्वर येथे उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळून कराड येथे कृष्णेस मिळते. या वळणाजवळ कोयनानगर येथे १०३ मीटर उंचीचे धरण असून त्याच्या जलाशयास शिवसागर म्हणतात. त्याची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. तेथून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस वारणा नदीवर चांदोली येथे दुसरे मोठे धरण आहे. त्याच्या वसंतसागर जलाशयाची क्षमता सुमारे ३४.४ अब्ज घनफूट आहे. बहुतेक भूकंप या दोन जलाशयांच्या दरम्यान, अंदाजे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा लहानशा पट्ट्यात होतात.

या प्रदेशाच्या पृष्ठभागावर दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. त्याच्या खाली ग्रॅनाइट व तत्सम अतिप्राचीन खडकांचे तळखडक आहेत. भूकंपांची उगमस्थाने प्रामुख्याने या तळखडकांत, बहुधा ५ ते १० किलोमीटर खोलीवर आढळतात. खडकांत ज्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या असतात, तिला प्रस्तरभंग म्हणतात. या क्षेत्रात असे अनेक प्रस्तरभंग असून उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशेने जाणारा डोणीचावाडा प्रस्तरभंग त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. कोयनेच्या बाजूस प्रस्तरभंगांच्या बाजू मुख्यतः आडव्या सरकतात, तर वारणेच्या बाजूस एक बाजू खाली घसरण्याचा प्रकार अधिक दिसतो.

## इतिहास

### प्रारंभिक नोंदी

कोयना जलाशयात १९६१-६२ च्या सुमारास पाणी साठवण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर लवकरच परिसरातील लोकांना जमिनीतून येणारा गडगडाट व सौम्य हादरे जाणवू लागले. या तक्रारींची दखल घेऊन खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३-६४ मध्ये धरणाच्या परिसरात भूकंपमापक यंत्रे बसविली. धक्क्यांचे स्थान जलाशयाच्या जवळ आणि खोली कमी असल्याचे या यंत्रांच्या नोंदींवरून दिसून आले. द्वीपकल्पीय भारताचा हा भाग तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात असल्याने या नोंदींना विशेष महत्त्व आले.

### १९६७ चा भूकंप

१३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ पेक्षा अधिक परिमाणाचा भूकंप झाला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ परिमाणाचा विनाशकारी भूकंप झाला. जागतिक प्रमाणवेळेनुसार ही वेळ १० डिसेंबरच्या रात्रीची असल्याने काही ग्रंथांत १० डिसेंबर ही तारीख आढळते. परिमाण म्हणजे भूकंपात बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचे माप होय. त्यात एका अंकाची वाढ झाली म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट होते.

या भूकंपात सुमारे १८० जण मृत्युमुखी पडले आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाले. लोक झोपेत असताना दगडमातीची घरे कोसळल्याने जीवितहानी वाढली. कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली, तसेच वीजनिर्मिती थांबल्याने मुंबईच्या वीजपुरवठ्यावरही परिणाम झाला. धरण टिकले, परंतु त्याच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले. धरणाच्या आतील मार्गिकेत बसविलेल्या यंत्राने या हादऱ्याचा प्रवेग नोंदविला. धरणांच्या भूकंपरोधक रचनेचा अभ्यास करताना जगभरातील अभियंते आजही ही नोंद वापरतात.

### वारणा जलाशयानंतर

वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले. त्यानंतर भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. १९९३ च्या पावसाळ्यात वारणेची पातळी वेगाने वाढली. त्याच वर्षी ऑगस्टपासून धक्क्यांचे प्रमाण वाढले आणि ८ डिसेंबर १९९३ व १ फेब्रुवारी १९९४ रोजी ५ पेक्षा अधिक परिमाणाचे भूकंप झाले. १९६० च्या दशकापासून या पट्ट्यात ५ वा अधिक परिमाणाचे वीसहून अधिक, ४ वा अधिक परिमाणाचे सुमारे दोनशे आणि त्याहून लहान असे हजारो भूकंप नोंदले गेले आहेत.

## हंगामी आवर्तन

सह्याद्रीच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस पडतो. त्यामुळे शिवसागराची पातळी जूनच्या आरंभी नीचांकी असते व सप्टेंबरच्या सुमारास उच्चांकी पोहोचते. पुढील आठ महिने वीजनिर्मिती व सिंचन यांसाठी पाणी वापरले जाऊन पातळी उतरत जाते. हा वार्षिक चढउतार साधारणपणे ३० मीटरच्या आसपास असतो.

भूकंपांच्या मासिक नोंदी या क्रमाशी ताडून पाहिल्या असता दोन कालखंडांत वाढ दिसते. पहिली वाढ जलाशय भरत आल्यावर, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास होते. दुसरी पातळी उतरू लागल्यानंतर, डिसेंबर ते मार्च-एप्रिल या काळात आढळते. हे दोन्ही कालखंड दरवर्षी सारख्याच ठळकपणे दिसतात असे नाही. काही वर्षे तुलनेने शांत जातात, तर काही वर्षी एखाद्या मोठ्या धक्क्यानंतरच्या अनुधक्क्यांमुळे मूळ आवर्तन झाकले जाते.

हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७० च्या दशकात कोयनेची तुलना जगातील अन्य जलाशयांशी केली. पातळी वाढण्याचा वेग, पातळीची कमाल उंची आणि उच्च पातळी टिकण्याचा कालावधी या तीन गोष्टी त्यांनी महत्त्वाच्या ठरविल्या. कोयनेच्या प्रारंभीच्या नोंदींवरून आठवड्यात सुमारे १२ मीटर (४० फूट) पातळीवाढ ही ५ पेक्षा मोठ्या भूकंपासाठी आवश्यक, पण पुरेशी नव्हे, अशी अट गुप्ता यांनी १९८३ मध्ये मांडली. पाण्याने आधीची कमाल पातळी ओलांडल्यास धोका वाढतो, असेही आढळले. तथापि १४ मार्च २००५ रोजी झालेल्या ५.१ परिमाणाच्या भूकंपासारखे पातळी उतरत असताना झालेले भूकंप केवळ पातळीवाढीच्या वेगाने समजावून देता येत नाहीत.

## कारणमीमांसा

जलाशयाचा भूगर्भावर दोन प्रकारे परिणाम होतो. पहिला परिणाम पाण्याच्या वजनाचा असून तो तत्काळ जाणवतो. दुसरा परिणाम मुरलेल्या पाण्याचा असतो. खडकांतील बारीक भेगा व छिद्रे यांत असलेल्या पाण्याच्या दाबाला छिद्रदाब म्हणतात. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू वरच्या खडकांच्या भाराने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात व त्यांच्यातील घर्षणामुळे सरकत नाहीत. छिद्रदाब वाढला की ही पकड सैल होते. आधीच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग मग सरकू शकतो.

जलाशयाच्या तळाशी वाढलेला दाब भेगांवाटे हळूहळू खोलवर पसरतो. यास आठवडे किंवा महिने लागतात आणि पसरताना त्याचा जोर कमी होतो. पावसाळा संपल्यानंतर काही महिन्यांनी भूकंप वाढण्याचे एक कारण या विलंबात शोधले जाते. वरचे वजन कमी झाले असताना खोलवरचा छिद्रदाब मात्र टिकून राहिला असेल, तर प्रस्तरभंगावरील पकड आणखी ढिली होते. दुसऱ्या कालखंडातील वाढीचे हे स्पष्टीकरण दिले जाते. सिम्पसन, लीथ व शोल्ट्झ यांनी १९८८ मध्ये जलाशयांशी निगडित भूकंपांचे 'शीघ्र प्रतिसाद' व 'विलंबित प्रतिसाद' असे दोन प्रकार केले आणि कोयनेचा समावेश दुसऱ्या प्रकारात केला.

येथे प्रमाणाचा विचार आवश्यक आहे. पाणीपातळी ३० मीटरने वाढली तर तळावरील दाब सुमारे ३ वातावरणदाबांइतका वाढतो. उलट ७ किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचाच दाब सुमारे १,८०० वातावरणदाबांइतका असतो. इतक्या अल्प वाढीने मोठा भूकंप घडतो, याचा अर्थ खडक आधीपासूनच सरकण्याच्या बेतात असतात. भूकंपाची ऊर्जा पाणी निर्माण करीत नाही. ती भूकवचातील हालचालींमुळे दीर्घकाळ साठलेली असते. पाणी केवळ ती मोकळी होण्यास निमित्त ठरते. म्हणूनच 'जलाशयनिर्मित' या शब्दाऐवजी 'जलाशयप्रेरित' हा शब्द अधिक योग्य मानला जातो.

## निरीक्षणाच्या पद्धती

### भूकंपांची स्थाननिश्चिती

भूकंपातून निघणाऱ्या प्राथमिक लहरी दुय्यम लहरींपेक्षा वेगवान असतात. या क्षेत्रातील कठीण खडकांत त्यांचा वेग सेकंदाला अनुक्रमे सुमारे ६ व ३.५ किलोमीटर असतो. त्यामुळे दोन्ही लहरींच्या आगमनात २ सेकंदांचे अंतर असेल, तर भूकंपाचे उगमस्थान यंत्रापासून सुमारे १६ ते १७ किलोमीटरवर आहे असे समजते. अनेक केंद्रांवरील अशा अंतरांवरून स्थान व खोली निश्चित केली जाते. प्रत्येक हंगामातील स्थाने नकाशावर मांडली म्हणजे भूकंपांचे पुंजके कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकतात हे कळते आणि त्यावरून छिद्रदाब कसा पसरतो याचा अंदाज करता येतो.

या क्षेत्रात नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था भूकंपमापकांची जाळी चालवितात. २००५ पासून हैदराबादच्या संस्थेचे जाळे अंकीय पद्धतीचे झाल्याने अतिसूक्ष्म धक्केही तत्काळ नोंदता येऊ लागले.

### लहरींच्या वेगातील बदल

दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्राथमिक लहरी जातात. कोरड्या भेगा पाण्याने भरल्या की प्राथमिक लहरींचा वेग वाढतो, तर दुय्यम लहरींचा वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे दोन्ही वेगांचे गुणोत्तर बदलते. सामान्य कठीण खडकांत हे गुणोत्तर १.७३ च्या आसपास असते. त्यातील फरकांवरून भूगर्भाचा कोणता भाग पाण्याने संपृक्त आहे याचा मागोवा घेता येतो.

### पार्श्वकंपनांचा उपयोग

भूकंप नसतानाही जमीन अतिशय सूक्ष्म प्रमाणात सतत कंप पावत असते. समुद्राच्या लाटा, वारा व वाहतूक ही या पार्श्वकंपनांची प्रमुख कारणे होत. दोन केंद्रांवरील अशा दीर्घकालीन नोंदी गणिती रीतीने जुळविल्या असता, एका केंद्रापासून दुसऱ्यापर्यंत लहर जाण्यास लागणारा वेळ काढता येतो. ही कृती दररोज केल्यास भूकंपाची वाट न पाहता लहरींच्या वेगातील बदल टिपता येतात. हे बदल बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतात. भूजलपातळी वाढली की उथळ थरांतील वेग सामान्यतः घटतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वाढतो.

ख्रिस्तोफ सेन्स-शोनफेल्डर व उलरिख वेगलर यांनी २००६ मध्ये इंडोनेशियातील मेरापी ज्वालामुखीवर पावसाळा, भूजल व लहरींचा वेग यांचा असा संबंध दाखविला. पुढे कॅलिफोर्निया व जर्मनी येथेही भूजलाच्या अभ्यासासाठी ही पद्धत वापरली गेली. अरबी समुद्रापासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या कोयनेसारख्या क्षेत्रात ती वापरताना एक खबरदारी घ्यावी लागते. पावसाळ्यात समुद्र खवळल्याने कंपनांचा स्रोतच बदलतो, आणि हा बदल भूगर्भातील बदल समजला जाण्याची शक्यता असते.

### विंधन विहिरी व खोल छिद्रे

लहरींवरून काढलेले निष्कर्ष प्रत्यक्ष मोजमापाशी पडताळणे आवश्यक असते. यासाठी १९९० च्या दशकात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या परिसरात ९० ते २५० मीटर खोलीच्या २१ विंधन विहिरी घेऊन त्यांतील पातळी सतत मोजण्यास आरंभ केला. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने खडकांत होणारे सूक्ष्म आकुंचन-प्रसरणही यांपैकी काही विहिरींच्या पातळीत उमटते. २५ एप्रिल १९९७ रोजी झालेल्या ४.४ परिमाणाच्या भूकंपाच्या वेळी काही विहिरींच्या पातळीत बदल नोंदला गेला.

यानंतर भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल छिद्रणाचा प्रकल्प हाती घेतला व त्यासाठी कराड येथे भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. सुमारे दीड किलोमीटर खोलीची अनेक छिद्रे घेण्यात आली. रासाटी येथे बेसाल्टची जाडी सुमारे ९३० मीटर आढळली आणि त्याच्या लगेच खाली ग्रॅनाइट लागला. या दोहोंमध्ये गाळाचे खडक नसल्याचे त्यावरून स्पष्ट झाले. २०१६-१७ मध्ये गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र पूर्ण झाले. काही छिद्रांत ग्रॅनाइटपर्यंत भूकंपमापक उतरविण्यात आले आहेत. पृष्ठभागावरील गोंगाट तेथे कमी पोहोचत असल्याने स्थाननिश्चिती अधिक अचूक होते.

## मतभेद व मर्यादा

१९६७ नंतर काही वर्षे या भूकंपाचा जलाशयाशी संबंध आहे की नाही यावर मतभेद होते. हा प्रदेश मुळातच भूकंपप्रवण असून जलाशय हा योगायोग आहे, असे काही अभ्यासकांचे म्हणणे होते. दशकानुदशके टिकलेला हंगामी संबंध आणि वारणा भरल्यानंतर दक्षिणेकडे झालेला विस्तार यांमुळे जलाशयाची भूमिका आता सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. वजन आणि छिद्रदाब यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर मात्र अद्याप एकमत नाही.

नोंदींचीही मर्यादा असते. पावसाळ्यात वारा, पाऊस, नद्यांचे पूर आणि धरणाच्या दरवाजांतून सोडलेले पाणी यांमुळे गोंगाट वाढतो व लहान धक्के निसटतात. त्यामुळे जुलैमधील कमी संख्या खरोखरची आहे की यंत्राच्या मर्यादेमुळे दिसते, हे आधी तपासावे लागते. जाळे सुधारल्यावर संख्या आपोआप वाढते. म्हणून वेगवेगळ्या दशकांची तुलना विशिष्ट परिमाणाच्या वरच्या भूकंपांपुरतीच केली जाते.

हंगामी आवर्तन म्हणजे भाकीत नव्हे. १६ मे २००६ रोजी सूक्ष्म धक्क्यांच्या पुंजक्यांवरून पंधरा दिवसांत सुमारे ४ परिमाणाचा भूकंप होईल असा अंदाज वर्तविण्यात आला होता, आणि २१ मे रोजी ४.२ परिमाणाचा भूकंप झाला. तथापि दिवस, स्थान व परिमाण विश्वासार्हपणे आधी सांगण्याची पद्धत अद्याप उपलब्ध नाही. विशिष्ट महिन्यांत धोका अधिक असला, तरी अन्य महिने निर्धोक असतात असा त्याचा अर्थ होत नाही.

## अन्यत्र आढळणारी उदाहरणे

अमेरिकेतील मीड सरोवराच्या परिसरात १९३० च्या दशकात जलाशय व भूकंप यांचा संबंध प्रथम लक्षात आला. ६ पेक्षा अधिक परिमाणाच्या भूकंपांच्या संदर्भात कोयनेबरोबर चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), झांबिया-झिंबाब्वे सीमेवरील करिबा (१९६३) व ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) या जलाशयांचा उल्लेख केला जातो. बहुतेक ठिकाणी जलाशय भरल्यानंतर काही वर्षांत धक्के ओसरले. कोयना-वारणेत ते सहा दशकांनंतरही चालू आहेत, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य होय. जलाशय नसतानाही ऋतुमानाचा परिणाम दिसू शकतो. नेपाळच्या हिमालयात हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा अधिक लहान भूकंप होतात आणि त्याचा संबंध गंगेच्या खोऱ्यातील पावसाळी पाण्याच्या भाराशी जोडला जातो.

## महत्त्व

या निरीक्षणाचा पहिला उपयोग जलाशयांच्या व्यवस्थापनात होतो. पाणीपातळी किती वेगाने वाढू द्यावी व किती काळ उच्च ठेवावी, याचा विचार करताना पूरनियंत्रण, वीज व सिंचन यांबरोबर भूकंपाच्या नोंदीही उपयोगी पडतात. मात्र अतिवृष्टीच्या काळात येणारे पाणी अडविण्यास व सोडण्यास मर्यादा असल्याने पातळीवाढीचा वेग पूर्णपणे मनुष्याच्या हाती नसतो.

दुसरा उपयोग बांधकामाच्या सुरक्षिततेसाठी होतो. भारतीय मानक ब्यूरोच्या २००२ च्या नकाशात कोयना परिसराचा समावेश चौथ्या भूकंपप्रवण विभागात आहे. १९६७ मध्ये बहुसंख्य लोक कोसळलेल्या घरांखाली सापडून मृत्युमुखी पडले. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती हादऱ्यात बाहेर फुगून ढासळतात. कोपऱ्यांची घट्ट बांधणी, भिंतींच्या पूर्ण रुंदीचे जोडदगड आणि छताखालील आडवा सलग पट्टा यांमुळे अशा भिंतींची ताकद वाढते. भूकंपाची वेळ सांगता येत नाही, परंतु तो कोणत्या पट्ट्यात होतो हे येथे पुरेसे ज्ञात आहे. त्यामुळे पाटण, शिराळा व लगतच्या तालुक्यांतील घरे, शाळा व रुग्णालये भूकंपरोधक असणे हाच संरक्षणाचा खात्रीचा मार्ग ठरतो.

## हेही पहा

- कोयना धरण
- चांदोली धरण
- दख्खनचे पठार
- भूकंपमापक
- प्रस्तरभंग